मधला करडा

ग्रिम्सबीतल्या माझ्या मागच्या खोलीत
प्रिंटर तिसऱ्यांदा घसा साफ करतो.
नोझलची जाळी कागदावर उमटते,
एक रेघ तुटलेली.
पुन्हा साफ. पुन्हा थोडी शाई वाया.
या शाईच्या एका डबीत
आठवड्याची भाजी आली असती.

दिवसभर हॉस्पिटलात मी हाडं बघते.
तिथे करडा कुणाला खुपत नाही;
फुप्फुसातली सावली जरा गुलाबी आहे का
असं एकही डॉक्टर विचारत नाही.
इथे मात्र एकवीस चौकोन,
कोऱ्यापासून काळ्याकुट्टापर्यंत,
आणि त्यातला नववा लाजल्यासारखा.
तेरावा हिरवट, मळमळल्यासारखा.

काळ्याच्या नावाखाली यंत्र गुपचूप
निळी, किरमिजी, पिवळी ओतत असतं.
तिघींचं पटलं तर करडा,
नाही पटलं तर हे असं.
मग मी तिघींनाही रजा दिली.
काळी, फिकी काळी, त्याहून फिकी काळी,
एवढ्यांवरच घर चालवायचं ठरवलं
तर सगळं तपकिरी, चहा सांडल्यासारखं.
शेवटी काजळच ते.
काजळ उबेकडे झुकतं
हे लहानपणी डोळ्यांत घालून घेताना
कुणी सांगितलं नव्हतं.

निळीला परत बोलावलं. दोन टक्के.
आई पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यायची
तेवढीच:
दिसू नये, पण असावी.

निगेटिव्ह शेजारच्या मॉरीन ब्लँचर्डची,
बिस्किटांच्या डब्यातून आणलेली, कडेला बुरशी.
तिचा क्लिफ, ट्रॉलरच्या डेकवर,
आइसलंडच्या बाजूला कुठेतरी,
दोरखंडांवर मनगटाएवढा बर्फ
आणि तो फोडायला हातात कुऱ्हाड.
मिशीवरही बर्फ असावा,
किंवा तो फिल्मवरचा ओरखडा.
"रंग नकोत," ती म्हणाली,
"तिकडे होते कुठे?"

मला हवा तो करडा मी मनात तटस्थ म्हणते
आणि रात्री, शाई वाळेपर्यंत,
तो शब्द फोडून बघते.
तटावर उभा.
पाणी जातं, बोट जाते, हा तिथेच,
कुठल्याच बाजूला न कलता.
म्हणून मॉरीनला विचारलं होतं,
तू जायचीस का गं धक्क्यावर, निरोप द्यायला?

तिच्या कपाळाला आठी.
छे. बायका जातच नसत. अपशकुन.
हात हलवायचा नाही, मागून हाक मारायची नाही,
आणि बोट सुटेल त्या दिवशी
कपडे तर मुळीच धुवायचे नाहीत,
नवरा धुऊन जातो.
मग काय करायचीस?
"भांडी घासायचे. जोरात."

म्हणजे तटावर कुणीच नव्हतं.

सकाळी प्रिंट उत्तरेच्या खिडकीशी धरली.
हंबरवर नेहमीचं आभाळ,
ना पाऊस, ना ऊन,
आणि क्लिफच्या मागचा समुद्र
त्या आभाळाशी तंतोतंत जुळलेला.
मी एकटीच हसले.
सहा आठवडे, सव्वीस कागद.

तिच्या स्वयंपाकघरात मात्र
जुना पिवळा बल्ब.
टेबलावर ठेवताक्षणी
क्लिफचे गाल गुलाबी.
मी घाईघाईने सांगू लागले,
हा दिव्याचा दोष, कागदाचा नाही,
चल, खिडकीशी नेऊ, तिथे बघ

तिने प्रिंट माझ्या हातातून काढून घेतली.
"राहू दे," म्हणाली.
"तीन दिवस घरी असायचा
दोन फेऱ्यांच्या मध्ये.
आंघोळ करून इथेच बसायचा,
याच दिव्याखाली.
तेव्हा असाच दिसायचा."
मग चष्मा काढून, अगदी जवळून:
"कुऱ्हाड मात्र बर्फासारखी गार आलीय."

घरी आले. नववा चौकोन
सवयीने पुन्हा खिडकीशी नेला.
ठीक होता. फार ठीक होता.
यंत्र चालूच ठेवलं;
बरेच दिवस बंद राहिलं
की शाई आतल्या आत सुकते.